साप चावला तर काय करायचं, हे भिंतीवर कसं रंगवायचं

'मुलगी शिकली, प्रगती झाली', 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या ओळी महाराष्ट्रात बहुतेकांनी आधी भिंतीवर वाचल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 'बोलक्या भिंती' रंगल्या. मुंबईत २००९ साली महापालिकेने सेनापती बापट मार्गाची रेल्वेलगतची लांबलचक भिंत नागरिकांना रंगवायला खुली करून दिली. लोक भिंतीकडे बघतात, याबद्दल शंका नको. अडतं ते दोन ठिकाणी. एक तर चित्र पहिल्याच पावसाळ्यात पोपडे होऊन गळतं. दुसरं म्हणजे भिंत 'काळजी घ्या', 'सावध राहा' एवढंच सांगते, आणि प्रसंग आला की नेमकं काय करायचं ते कुणालाच आठवत नाही.

म्हणून इथे सर्पदंश हा एकच विषय धरून सगळी कृती सांगतो. या विषयावर भिंत खरोखर जीव वाचवू शकते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, सुमारे निम्मे पावसाळ्याच्या महिन्यांतले. औषध आहे, पण माणूस त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो. हा उशीर कमी करणं हेच या भिंतीचं काम.

आधी मजकूर, मग रंग

कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. सापाच्या विषावरची लस जवळपास कुठे मिळते? तिथे रात्री डॉक्टर असतात का? तिथलं काही कारणाने जमलं नाही, तर पुढचं ठिकाण कोणतं? सगळ्यात जवळचा दवाखाना हेच योग्य ठिकाण असेल असं नाही. बऱ्याचदा थेट ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाणं शहाणपणाचं ठरतं. भिंतीवर चुकीचं नाव लिहिलं, तर आपणच रुग्णाला आडवाटेला लावलं असं होईल.

प्रथमोपचाराचा मजकूरही त्यांच्याकडून तपासून घ्या. सार इतकंच: रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, कारण सूज चढते. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतात तसा, काठी लावून सैल बांधा, म्हणजे तो हलणार नाही. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. आवळपट्टी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही, पाला लावत बसायचं नाही.

आता यातलं काय चित्रात घ्यायचं? बहुतेक जण इथे फसतात. चिरा देणारा, दोरी आवळणारा, मंत्र घालणारा अशी चित्रं काढून त्यांवर लाल फुली मारली जाते. दुरून, संध्याकाळच्या उजेडात किंवा दोन वर्षांनी रंग उडाल्यावर ती फुली दिसत नाही. दिसतो तो पायाला दोरी आवळणारा माणूस, आणि तोच लक्षात राहतो. चुकीची कृती रंगवूच नका. जे करायला हवं तेवढंच रंगवा.

भगताला, म्हणजे गावात मंत्राने उपचार करणाऱ्याला, खलनायक करू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. पालघर, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. भिंतीवर त्याची टर उडवली, तर ती भिंत त्याच्या माणसांना परकी होते. त्याला आराखडा दाखवा, त्याचं म्हणणं ऐका. 'आधी दवाखाना, मग बाकीचं' असं तो स्वतः म्हणायला लागला, तर त्याचं वजन शंभर भिंतींपेक्षा जास्त आहे.

सापांची चित्रं काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य विषारी. पण भिंतीचा अर्धा भाग फणा काढलेल्या नागाला दिला, तर बघणाऱ्याच्या मनात भीती उरते, शिवाय दिसेल तो साप मारला जातो. दुसरा तोटा याहून मोठा: 'कोणता साप होता' हे शोधण्यात लोक मोलाचा वेळ घालवतात. आपल्याकडची लस या चारही सापांच्या विषावर चालते. डॉक्टर लक्षणं पाहतात, काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते पाहतात आणि त्यावरून उपचार ठरवतात. साप पकडून नेण्याची गरज नसते.

तरीही गावाला साप हवेच असतील, तर ते कडेला छोट्या पट्टीत काढा आणि अचूक काढा. सगळ्यात जास्त चूक मण्यारीत होते. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. तिचे पांढरे आडवे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीने असतात. ते मानेकडे पुसट किंवा अजिबात नसतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचं याच्या उलट: पट्टे मानेपाशी ठळक, शेपटीकडे विरत गेलेले. रंगारी सवयीने डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखे जाड पट्टे ओढतो, आणि तो साप धड मण्यारही होत नाही, धड कवड्याही नाही. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. फुरसे बोटाएवढं जाड, कडेला नागमोडी फिकी रेघ आणि डोक्यावर बाणासारखी खूण. सर्पमित्राला नमुना दाखवल्याशिवाय हे भिंतीवर नेऊ नका.

भिंत कोणती आणि परवानगी कुणाची

लोक थांबतात ती भिंत घ्या: एसटीचा थांबा, पिठाची गिरणी, रेशन दुकान, सार्वजनिक नळ. भरधाव गाड्यांच्या रस्त्यावरची मोठी भिंत फोटोत छान दिसते, पण तिथे तीन शब्दांपलीकडे कुणी वाचत नाही. शक्य असेल तर उत्तरेकडे तोंड असलेली भिंत निवडा, तिच्यावर रंग कमी उडतो. कोकणात नैऋत्येचा पाऊस थेट झोडपतो अशी बाजू टाळलेलीच बरी.

परवानगी लेखी हवी. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाला आळा घालणारा १९९५ चा कायदा आहे; हेतू चांगला असला तरी विनापरवाना रंगवलेली भिंत त्यात येऊ शकते. खाजगी भिंतीला मालकाचं पत्र, ग्रामपंचायतीच्या भिंतीला ठराव, शाळेला मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. रेल्वे आणि बांधकाम खात्याच्या भिंतींना त्या त्या कार्यालयाचं पत्र. किल्ले, जुनी देवळं, लेणी यांच्या दगडाला हात लावायचा नाही. विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडला, तर ठराव हातात येऊन मार्च-एप्रिलमध्ये काम करता येतं आणि पहिल्या पावसाआधी भिंत तयार होते.

पुढाऱ्याचं नाव किंवा फोटो भिंतीवर नको. आचारसंहिता लागली की अशा भिंतींवर चुना फिरतो आणि नावाबरोबर अख्खं चित्र जातं. देणगीदाराचं नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा.

भिंतीची तब्येत

रंग गळण्याचं कारण बहुधा रंगात नसतं, खालच्या थरात असतं. तीन चाचण्या करा.

तळहात भिंतीवर दाबून फिरवा. हाताला पांढरी पूड लागली, तर जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर लावलेला नवा रंग पापुद्र्यासारखा सुटणार. दुसरी चाचणी ओलीची. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावून २४ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर भिंतीतूनच ओल येते आहे. गळका पाइप, मागे साचलेलं पाणी, तुटलेली पन्हळ यांचा बंदोबस्त होईपर्यंत रंग नको. तिसरी चाचणी नजरेने होते: पांढरी खारट बुरशी फुलल्यासारखी दिसत असेल, तर तो लोणा. तो पाण्याने धुतला की विरघळून पुन्हा आत जातो, म्हणून आधी कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, ओलीचा उगम बंद करायचा आणि पुढचे दोन आठवडे लोणा परत येतो का ते बघायचं.

नवा गिलावा असेल तर पाणी मारून झाल्यावरही निदान महिनाभर सुकू द्या. ताज्या सिमेंटच्या क्षाराने रंग जळतात, विशेषतः लाल-गुलाबी, चट्टे पडतात.

सुटलेला थर पट्टीने आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढा. जुना ऑइल पेंट असेल तर सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली; त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. असा थर कोरडा घासू नका, पाणी मारून ओला करूनच खरवडा. नाका-तोंडावर चांगला मास्क लावा, निघालेला चुरा गोळा करून बंद पिशवीत भरा. या टप्प्यावर शाळेच्या मुलांना लांब ठेवा. त्यांचं काम पुढे आहे.

भेगा आणि खड्डे व्हाइट सिमेंटच्या पुट्टीने भरा. आतल्या खोल्यांसाठी मिळणारी अॅक्रिलिक पुट्टी बाहेर लावली, तर ती पावसात फुगते. पुट्टी वाळली की पॉलिश पेपर मारा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि भिंत पूर्ण कोरडी होऊ द्या.

सामान

२० फूट लांब, ८ फूट उंच, म्हणजे १६० चौरस फुटांच्या भिंतीला साधारण एवढं लागतं:

- बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक प्रायमर २ लिटर (एक हात)
- बाहेरच्या भिंतीचं इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग), फिकट पिवळसर पांढरं, ४ लिटर (दोन हात, थोडं उरतं, ते दुरुस्तीला ठेवायचं)
- काव, पिवळी माती, काळा, निळा आणि हिरवा, प्रत्येकी १ लिटर
- पुट्टी ५ किलो, फक्त खड्ड्यांपुरती
- ९ इंची रोलर १. चपटे ब्रश ४ इंची २, २ इंची ३, १ इंची ४. बारीक कामाला ६ आणि १० नंबरचे गोल ब्रश
- खडू, सूत, ओळंबा, झाकणाच्या बरण्या, जुनी फडकी

गडद रंग दुकानातल्या मशीनवरच मिसळून घ्या आणि शेड नंबर वहीत लिहा. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनरच्या (छटा देणाऱ्या द्रवाच्या) बाटल्या ओतून गडद रंग करायला गेलात, तर तो नीट वाळत नाही, हाताला लागतो आणि पावसात ओघळतो. स्टेनर फिकट छटांपुरताच, लिटरमागे ३० मिलीच्या आसपास.

रंग निवडताना ऊन लक्षात घ्या. काव, पिवळी माती आणि काळा हे खनिज रंग वर्षानुवर्षं टिकतात. भडक गुलाबी, केशरी, लिंबूपिवळा आधी उडतात. महत्त्वाचा मजकूर काळ्या किंवा कावेच्या रंगात फिकट पार्श्वभूमीवर असावा. वारली पद्धतीने करणार असाल, तर कावेवर पांढरा हे दोनच रंग पुरतात, आणि दोन्ही टिकाऊ. तांदळाच्या पिठाचा रंग बाहेर पावसात धुऊन जातो, त्याऐवजी पांढरं इमल्शन वापरा. काम डहाणू-तलासरीकडच्या वारली कलाकारांनाच मोबदला देऊन सांगा. लग्नाचा चौक हे विधीचं चित्र आहे, ते जाहिरातीसारखं उचलून वापरू नये.

स्प्रेचे डबे मोठ्या भिंतीला परवडत नाहीत. स्टेन्सिलसाठी मात्र ते सोयीचे.

आराखडा

२० इंच बाय ८ इंचाच्या कागदावर चित्र काढा. एक इंच म्हणजे भिंतीवरचा एक फूट. डावीकडचे १२ फूट चित्राला, उजवीकडचे ८ फूट मजकुराला. खालचा एक फूट नुसता कावेचा पट्टा ठेवा. पावसात चिखल उडतो, गुरं अंग घासतात, माणसं टेकून बसतात. तिथे काढलेलं काहीच टिकत नाही.

चित्र डावीकडून उजवीकडे एका रस्त्यासारखं जाऊ द्या. शेताचा बांध, पाय पुढे करून बसलेला माणूस, त्याच्या पायाला सैल बांधलेली काठी. मग त्याला मध्ये बसवून निघालेली मोटरसायकल, मागे धरून बसलेला तिसरा. शेवटी दवाखान्याचं दार, तेही तुमच्याच दवाखान्याचं: कमान, पायऱ्या, समोरचं झाड जसंच्या तसं. लोकांनी ते बघताक्षणी ओळखलं पाहिजे. वर एका कोपऱ्यात खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपलेलं मूल. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून ही खाट चित्रात असावी.

आराखडा झाला की कामात नसलेल्या आठ-दहा जणांना दाखवा. त्यांत वाचता न येणाऱ्या दोन-तीन आज्या हव्यातच. 'आवडलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. 'यात काय चाललंय?' असं विचारा. काठी बांधलेल्या पायाकडे बघून कुणी 'पाय मोडलाय' म्हणालं, तर चावल्याची खूण ठळक करा किंवा बांधावर पळणारा साप दाखवा. दहांपैकी आठ जणांनी न सांगता बरोबर ओळखेपर्यंत बदल करत राहा. या पायरीला वेळ द्यायला लोक कंटाळतात, पण भिंतीचा उपयोग इथेच ठरतो.

अक्षरं

मुख्य ओळ सात-आठ शब्दांच्या आत. 'साप चावला? थेट दवाखाना.' एवढी पुरे. त्याखाली १०८, आणि हा आकडा फोनच्या बटणांवर असतो तशा इंग्रजी आकड्यांतही लिहा.

वाचायच्या अंतराच्या दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर, हा हिशेब धरा. रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून वाचायचा बारीक मजकूर तीन इंचांखाली नको. मुख्य ओळ दहा इंची घ्या. जागेचा अंदाज असा: अक्षराची रुंदी त्याच्या उंचीएवढी, प्रत्येक काना तिसरा हिस्सा, दोन शब्दांत एका अक्षराएवढं अंतर. 'थेट दवाखाना' म्हणजे सहा अक्षरं, तीन काने, एक अंतर, एकूण आठ घरं; दहा इंचांनी ८० इंच, म्हणजे पावणेसात फूट. आठ फुटांत बसतं. हा हिशेब न करता सुरुवात केली, की शेवटची अक्षरं चेंगरतात.

प्रत्येक ओळीला चार रेघा आखा: मात्रेची, शिरोरेषेची, पायाची, उकाराची. अक्षराच्या अंगाला चार भाग, वर दोन, खाली दोन. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, ती अडचण यामुळे टळते. आधी उभे दंड, मग वळणं, शिरोरेषा शेवटी पट्टीच्या आधाराने. गावात जुना बोर्ड रंगवणारा पेंटर असेल, तर अक्षरं त्यालाच द्या. त्याच्या हाताला हे सगळं येतं आणि कामही मिळतं. खडूने आखल्यावर मराठीच्या शिक्षकांकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या.

१०८ हा आकडा पाच-सहा वाड्यांत लिहायचा असेल, तर जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल कापा. शून्य आणि आठ यांच्या पोकळ्या गळून पडू नयेत म्हणून मध्ये बारीक पूल ठेवा. 'व', 'ब', 'ण' यांनाही तेच. स्पंजला रंग कमी घ्या आणि थोपटा. ब्रशने घासलंत तर रंग फिल्मखाली शिरतो आणि कडा फुटतात.

रंगवणं

सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर. तापलेल्या भिंतीवर पाणी लगेच उडतं, रंग धरत नाही, ब्रशच्या रेघा उठतात. प्रायमरमध्ये डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. पार्श्वभूमीचे दोन हात, मध्ये चार ते सहा तास. पाणी जास्त घालून रंग 'पुरवला', तर वर्षभरात पांढुरका होतो.

भिंत वाळली की कावेच्या पुडीत बुडवलेल्या सुताने एक-एक फुटाच्या चौकटी मारा, कडांना आकडे द्या आणि कागदावरची प्रत्येक चौकट भिंतीवर खडूने उतरवा. कोळशाने आखू नका, फिकट रंगातून तो वर येतो. आधी मोठे सपाट भाग भरा, मग लहान, बाह्यरेषा सर्वांत शेवटी. मुलांना आणि बायकांना मोठे सपाट भाग द्या: शेत, रस्ता, कावेचा पट्टा. चेहरे, हात आणि अक्षरं सरावलेल्या हातांकडे. गावातल्या माणसांनी स्वतः भरलेली भिंत खरवडली जात नाही, तिच्यावर पत्रकंही कमी चिकटतात.

आठ फुटांपर्यंत दोन घोड्या आणि फळी पुरते. त्याहून उंच असेल तर परांची बांधणाऱ्यालाच बोलवा, आणि जवळून विजेची तार जात असेल तर ती भिंत सोडा. ब्रश ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका.

चित्रावर लाकडाचं वॉर्निश मारू नका. ते पिवळं पडतं. बाहेरच्या भिंतीसाठीचा पाण्यातला पारदर्शक अॅक्रिलिक थर चालतो, पण भिंत ठणठणीत कोरडी असेल तरच. नाहीतर आतली ओल अडकून फोड येतात.

पुढची देखभाल

दवाखान्याचं नाव, अंतर आणि फोन नंबर हा मजकूर चित्रात गुंफू नका. त्याला सहा फूट बाय दीड फुटाची वेगळी चौकट द्या. दरवर्षी मे महिन्यात आशाताईंमार्फत लस कुठे आहे ते विचारून घ्या आणि बदल असेल तर तेवढी चौकट पुन्हा रंगवा. प्रत्येक रंगाचे २०० मिली बरणीत घट्ट झाकून ठेवलेले असले की काम तासाभराचं. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये भिंत मऊ झाडूने आणि साध्या पाण्याने धुवा, सुटलेले तुकडे भरून घ्या.

भिंतीचा परिणाम किती लोकांनी फोटो काढले यावरून कळत नाही. दवाखान्यात केसपेपरवर दंशाची वेळ आणि दाखल झाल्याची वेळ असते. भिंत होण्याआधीच्या पावसाळ्यात तुमच्या गावचे रुग्ण किती तासांनी पोचत होते आणि नंतर किती तासांनी पोचतात, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून नावं न घेता विचारा. फरक नसेल, तर रुग्ण कुठे अडतात ते आशाताईंना विचारा: वाहन मिळत नाही, रात्री कुणाला उठवायचं ते ठाऊक नाही, की खर्चाची भीती आहे. वाहनाची अडचण असेल, तर संमती देणाऱ्या जीपवाल्यांचे नंबर त्याच चौकटीत लिहा. खर्चाची भीती असेल, तर सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते ही ओळ तीन इंची अक्षरांत जोडा.